आत्याचा मोडी रुमाल : प्रकल्प नोंदी

७ जून

वाईला आत्याकडे जाऊन पहिला रुमाल घेऊन आलो. तांबड्या मांजरपाटाच्या चौकोनात बांधलेले २१४ कागद. काही पत्रं, बरेचसे जमाखर्चाचे बंद, दोन-तीन याद्या, सगळं मोडीत. घरात हे वाचणारी आता एकटी आत्या. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. असे आणखी सहा रुमाल कपाटात आहेत.

काम असं ठरवलं : कागदाचं चित्र द्यायचं, देवनागरीत मजकूर मिळवायचा. बिनचूक नको, आत्याने मोठ्या अक्षरात स्क्रीनवर वाचून दुरुस्त करावा इतपत बरा हवा. तिने गेल्या काही वर्षांत वह्यांमध्ये लिप्यंतर करून ठेवलेल्या साधारण अकराशे ओळी आहेत. मशीनला शिकवायला तेवढंच भांडवल.

९ जून

स्कॅनिंग सुरू. इंचाला ४०० ठिपके. पावसाळी हवेत कागद वर वळतो, म्हणून काचेवर ठेवण्याआधी प्रत्येक कागद दोन टीपकागदांमध्ये तासभर दाबून ठेवतोय. दिवसाला पंचवीसच होतात. घाई करणार नाही. हे कागद पुन्हा मिळायचे नाहीत.

एका अक्षराचा तुकडा घेऊन आकडे छापून पाहिले. मशीनपुढे असतं ते एवढंच : १८४, १७९, १४३, ७०, ५८, ६१, १३७, १८१. शून्य म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. १८४ हा जुना कागद, ५८ ही शाई, आणि मधले १४३ आणि १३७ ही शाईची कड. माझ्या डोळ्याला तिथे बोरूचा फराटा दिसतो. मशीनला आठ आकडे दिसतात. फराटा आहे हे त्यातून काढायचं.

१३ जून

शाई आणि कागद वेगळे करण्यात चार दिवस गेले. आधी ओत्सूची पद्धत लावली. १९७९ साली नोबुयुकी ओत्सूंनी मांडलेली, अजूनही पहिली हीच आठवते. सगळ्या पानाच्या करड्या छटांचा आलेख काढायचा आणि दोन गट सर्वांत स्वच्छ वेगळे होतील तिथे रेघ मारायची. एकसारख्या पांढऱ्या कागदावर सुरेख चालते. आमच्या कागदांवर नाही. ओल लागून झालेला डाग शाईइतकाच काळा आणि उडालेली शाई कागदाइतकी फिकी. एकच रेघ सबंध पानाला पुरत नाही.

मग सौवोला आणि पिएतिकायनेन यांची २००० सालची पद्धत घेतली. प्रत्येक ठिपक्याभोवती छोटी खिडकी धरायची, तिथली सरासरी आणि छटांमधला चढउतार पाहायचा आणि रेघ त्या जागेपुरती ठरवायची. डाग नाहीसे झाले. मागच्या बाजूची शाई पुढे उमटते ती मात्र जात नाही. ती खरीच शाई आहे, फक्त या पानाची नाही. त्यासाठी मागचं पान आरशासारखं उलटून पुढच्यावर बसवलं आणि जुळणारी जागा फिकी केली. हे हाताने बसवावं लागतं, पण ज्या कागदांना लागतं त्यांना करायचंच.

१८ जून

ओळी सुट्या करणं सोपं गेलं, आणि त्याचं श्रेय लिहिणाऱ्याला. मोडीत आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. त्यामुळे प्रत्येक आडव्या रांगेतली शाई मोजली की शिरोरेषेपाशी उंच शिखर येतं. तिरकी रेष असली तर तिचा कोन हफ रूपांतराने, म्हणजे ठिपक्यांमधून सरळ रेषा शोधायच्या पद्धतीने, मिळतो.

हीच शिरोरेषा पुढे आडवी आली. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, सगळं एका दोरीवर वाळत घातलेलं. अक्षरं सुटी करायला रेषा पुसली तर वरच्या वेलांट्या आणि मात्रा मुळापासून तुटतात. न पुसावी तर सबंध ओळ एकच अक्षर. तीन युक्त्या करून पाहिल्या, तिन्ही सोडल्या.

२२ जून

आज प्रोग्रॅममध्ये काही लिहिलं नाही, आत्याला वाचताना पाहिलं. फोन तिच्या हातावर रोखून चित्रण केलं आणि रात्री दोनदा पाहिलं.

तिने कागद घेतला तो आधी उलटा केला. मागे काही शेरा आहे का ते पाहिलं. मग बोट गेलं ते थेट शेवटाकडे. तिथे 'बहुत काय लिहिणे' दिसलं. "पत्र आहे," ती म्हणाली. 'मोर्तब सूद' असतं तर सरकारी कागद म्हणाली असती. मग 'छ' शोधला. 'छ' म्हणजे चंद्र, त्याच्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. एवढं झाल्यावर ती पहिल्या ओळीवर आली. तोवर तिने एकही ओळ वाचलेली नव्हती, पण कागद कसला, साधारण कधीचा आणि पुढे काय काय येऊ शकतं हे तिला ठाऊक झालं होतं.

पाचव्या ओळीत एका अक्षरावर अडली. "हा ब की व?" मी विचारलं. ती म्हणाली, "ते आत्ता ठरवू नकोस रे. पुढे चल, तो आपोआप सांगेल." दोन शब्द पुढे 'बैल' आले आणि मागचं अक्षर 'व' झालं, शब्द 'वैरण' झाला. या लिहिणाऱ्याच्या हातात ब मधली रेघ बोरूच्या ओघात विरून जाते. नुसतं अक्षर पाहून ते ठरणारच नव्हतं.

आणि उलटही झालं. एका ठिकाणी तिला 'साष्टांग नमस्कार' अपेक्षित होता, पण तिने बोट खाली टेकवलं, चष्मा सरकवला आणि म्हणाली, "नाही, इथे आशीर्वाद आहे." तिथे शाईने तिची अपेक्षा मोडली आणि तिने लगेच ऐकलं. हा दुसरा प्रसंग मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. तो प्रोग्रॅममध्ये कसा आणायचा ते अजून कळलेलं नाही.

२ जुलै

शिरोरेषा न पुसता, हाताने कापलेल्या अक्षरांवर जुनी पद्धत लावली. अक्षराचे लहान चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात कडा कोणत्या दिशेला किती झुकतात याची मोजणी करायची, नऊ दिशांचे नऊ रकाने. दलाल आणि ट्रिग्ज यांनी २००५ साली फोटोतली चालणारी माणसं ओळखायला हे वापरलं होतं. शाई गडद की फिकी याने फरक पडत नाही, वळण कुठे आहे ते उरतं. बोरूच्या अक्षराला हे छान लागू पडतं, कारण बोरूची जाडी दिशेप्रमाणे बदलते.

शंभर अक्षरांत ३१ चुका. सुट्या अक्षराला वाईट नाही. पण अक्षर सुटं करून देणारा माणूस मीच होतो.

११ जुलै

अक्षरं कापण्याचा नाद सोडला. आता सबंध ओळ एकदम देतो. खालच्या थरात कन्व्होल्यूशनचं जाळं (चित्रावर छोट्या गाळण्या फिरवणारं), वर ओळीच्या दोन्ही दिशांनी वाचणारा एलएसटीएम (आधी आलेलं लक्षात ठेवणारं जाळं) आणि शेवटी २००६ साली ॲलेक्स ग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी दिलेली सीटीसी पद्धत. तिचं मर्म असं : कोणतं अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे सांगायची गरज नाही. ओळीचं चित्र आणि ओळीचा मजकूर एवढंच द्यायचं. मधल्या जागी 'काही नाही' असं एक कोरं चिन्ह टाकायची मुभा मशीनला असते. आत्याच्या वह्या नेमक्या अशाच आहेत, ओळीसमोर ओळ.

अकराशे ओळी फार कमी पडतात. म्हणून मोडीच्या फाँटमधून कृत्रिम ओळी बनवल्या. २०१४पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे हे जमलं. नुसत्या त्यांच्यावर शिकलेलं मॉडेल खऱ्या कागदापुढे गोंधळलं. फाँटमध्ये हात न उचलता ओढलेली जोडरेघ नसते, आणि मोडी म्हणजे तर तीच. आधी कृत्रिम, मग खऱ्या ओळी, असं दोन टप्प्यांत शिकवल्यावर चुका शंभरात १४ वर आल्या.

पहिल्या थरातल्या गाळण्या चित्ररूपात काढून पाहिल्या. कोणी सांगितलेलं नसताना त्यांतल्या बऱ्याच तिरक्या, आडव्या, उभ्या कडा शोधणाऱ्या झाल्या आहेत. ह्यूबेल आणि वीझल यांना १९५९ साली मांजराच्या मेंदूत ठरावीक दिशेच्या कडेला प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. ते वाचलेलं होतं. स्वतःच्या कागदांवर तसंच काही उगवलेलं पाहिलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि झोप उडाली.

१५ जुलै

एक निर्णय. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. 'दिन' आणि 'दीन' यांचं चित्र एकच. तेव्हा मशीनने शुद्धलेखन ठरवायचं नाही. सगळीकडे एकच रूप लिहील, आत्या बदलेल. चित्रात जे नाही ते चित्रातून वाचल्याचा आव नको.

२० जुलै

आज पहिल्यांदा बाहेरचं ज्ञान जोडलं, आणि ते सालापासून. या पत्रांत शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांतली कालगणना) असतो, तोही अरबी संख्याशब्दांत : आधी एकक, मग दशक, मग शतक, मग हजार. शब्द मोजकेच. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दशकांना अशर, अशरीन, सलासीन असं पुढे. शतकाला मया किंवा मयातैन, हजाराला अलफ. या क्रमाबाहेर काही येऊच शकत नाही.

८७ क्रमांकाचं पत्र घेतलं. सालाच्या जागी मशीनने वाचलं होतं : 'सलास स??न मया व अलफ'. मधला शब्द घडीवर आल्याने उडालेला. स ने सुरू आणि न ने शेवट होणारी दशकं चारच : सलासीन, सितैन, सबैन, समानीन. म्हणजे ११३३, ११६३, ११७३ किंवा ११८३. इथे ज्ञानाचं काम संपलं. ते चारच्या खाली येऊ शकत नाही. परत चित्राकडे गेलो. उडालेली जागा दीड अक्षराची, त्यामुळे सलासीन आणि समानीन मावत नाहीत. स च्या डोक्यावर वेलांटीचा मागमूस नाही, म्हणून सितैन नाही. उरला सबैन.

शुहूर ११७३. पाचशे नव्याण्णव मिळवले की १७७२, आणि तारीख ९ रबिलाखर म्हणजे त्या सालचा जुलै. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे थोरले माधवराव अजून आहेत." नोव्हेंबरात थेऊरला ते गेले. आमच्या घरातलं पत्र त्याच्या चार महिने आधीचं आहे हे आम्हा दोघांनाही आजच कळलं.

२७ जुलै

जमाखर्चाचे बंद. इथे बेरीजच तपासनीस. एका बंदावर रुपये ७, ११, ४, ६ आणि खाली बेरीज ३६. बेरीज २८ यायला हवी. ३६ अगदी ठळक. मशीनला ११ विषयी ८० टक्के खात्री होती आणि १९ विषयी १७ टक्के. १९ धरल्यावर बेरीज जुळते. चित्र मोठं करून पाहिलं, दुसऱ्या आकड्याचं पोट शाई संपत आल्याने कोरडं गेलंय. आता बेरीज जुळत नसेल तर प्रोग्रॅम कमी खात्रीचे आकडे बदलून पाहतो, सोळा आण्यांचा रुपया आणि वीस मणांची खंडी हे धरून. एकाहून जास्त बदलांनी जुळत असेल तर हात लावत नाही, खूण करून सोडतो.

५ ऑगस्ट

आता भाषेचं ज्ञान. आत्याच्या वह्या आणि छापील ऐतिहासिक पत्रांचा बराच मजकूर, त्यात गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतली पुष्कळ पानं, यांवरून कोणत्या अक्षरामागे कोणतं येतं याचं मॉडेल केलं. ओळ वाचताना मशीन एकच उत्तर न देता दहा शक्यता हातात धरतं आणि प्रत्येकीला दोन गुण मिळतात : शाई काय म्हणते आणि भाषा काय म्हणते. दुसऱ्याला किती वजन द्यायचं ते मी ठरवायचं.

वजन वाढवत नेलं तसतशा चुका घटल्या. १४, १२, १०, ९. 'वैरण' बरोबर आलं. मायने सुरेख येऊ लागले, 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' एका दमात.

१९६६ सालच्या उन्हाळ्यात एमआयटीत सेमूर पॅपर्ट यांनी काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून दृष्टीचा मोठा भाग त्या सुट्टीत उभा करायचा बेत मांडला होता. चित्रातले भाग वेगळे करायचे, मग माहीत असलेल्या वस्तूंशी ताडून त्यांना नावं द्यायची. त्यांचे हेच दोन टप्पे मी जून-जुलैत पुन्हा चढलो. साठ वर्षांत साधनं बदलली, चढ तोच राहिला.

९ ऑगस्ट

वाईट दिवस. सविस्तर लिहितो, कारण हे विसरायचं नाही.

८७ क्रमांकाचं पत्र नव्या मॉडेलने पूर्ण वाचलं. आत्याला पाठवलं. पंधरा मिनिटांत फोन.

"अरे, हे कोणाला लिहिलंय म्हणालास?"

"राजश्री असं आलंय. पुढचं नाव किडीने खाल्लंय."

"तिसऱ्या ओळीत बघ. 'बाईंनी चिरंजिवास दत्तक घेतल्यावर' असं लख्ख आहे. राजश्रींना बाई कोण लिहील?"

मी गप्प. ती सावकाश म्हणाली, "वर गंगाभागीरथी असणार, बाळा. नवरा गेलेली बाई आहे ती."

चित्र उघडलं. मायन्याची सुरुवात कसरीने खाल्लेली आहे, साधारण चार अक्षरांचं भोक. भोकानंतर शाईची दोन अक्षरं शिल्लक. भाषेचं वजन शून्य करून तीच ओळ चालवली. मशीनने स्वच्छ लिहिलं : 'रथी'.

म्हणजे शाईने खरं सांगितलं होतं. 'रथी'ला अर्थ लागत नाही म्हणून भाषेच्या मॉडेलने ते बाजूला सारलं आणि ई ने संपणारा, त्या जागी हजारदा पाहिलेला 'राजश्री' बसवला. छापील पत्रं बहुतेक राजकारणाची, पुरुषांनी पुरुषांना लिहिलेली. त्या ज्ञानात ही बाई नव्हतीच. आणि चुकीच्या शब्दाबरोबर जी खात्री दाखवली ती ९१ टक्के.

दुसरं कारण सीटीसीत आहे. 'राजश्री' तीन अक्षरांत संपतो, जागा सहा अक्षरांची आहे. उरलेल्या जागी कोरी चिन्हं टाकून मशीन मोकळं. अक्षराला किती जागा लागते हे त्याला कोणी शिकवलंच नाही.

अडीचशे वर्षं हा कागद या बाईसाठी जपला गेला. तिचं नाव किडीने खाल्लं. ती बाई आहे एवढं त्यावर उरलं होतं, आणि ते मी पुसलं. चुका शंभरात नऊवर आल्या म्हणून मी त्याच आठवड्यात खूश झालो होतो. त्या मोजणीत ही चूक म्हणजे तीन-चार अक्षरं.

१४ ऑगस्ट

चार बदल केले.

भाषेचं वजन आता सगळीकडे सारखं नाही. शाई ठाम आणि भाषा वेगळं म्हणते, तिथे भाषेला माघार. शाई डळमळीत असेल तिथेच तिचं ऐकायचं. भोकाच्या जागी मशीनने काहीच लिहायचं नाही, किती अक्षरांची जागा गेली तेवढं कंसात द्यायचं. त्या त्या लिहिणाऱ्याच्या हाताची सरासरी अक्षररुंदी मोजून घेतली. वाचलेला शब्द त्या जागेत फार आखूड किंवा फार लांब पडला तर ओळीला खूण. आणि मायन्यांच्या यादीत आत्याकडून विचारून भर घातली : गंगाभागीरथी, वज्रचूडेमंडित सौभाग्यवती, मातुश्री.

एकूण चुका शंभरात ९ होत्या त्या १० झाल्या. ठेवतोय तसंच.

पडद्यावर आता दोन ओळी दिसतात. वरची नुसत्या शाईची, अर्थ लागो न लागो. खालची ज्ञान मिसळलेली. दोन्ही जिथे वेगळ्या, ती जागा पिवळी. आत्याने पहिल्या दिवशीच सांगितलं की ती आधी वरची वाचते.

२३ ऑगस्ट

जुने सगळे कागद नव्याने चालवले. शाई आणि ज्ञान यांचं मायन्याच्या जागी पटत नाही असे सहा कागद निघाले. आज वाईला बसून ते पाहिले. खिडकीशी उजेड चांगला होता, मूळ कागदच समोर ठेवले.

दोन ठिकाणी ज्ञान बरोबर, शाई विरलेली. एका ठिकाणी दोघंही चूक. १३१ क्रमांकावर मशीनने आधी 'राजश्री' दिलं होतं, आता वरच्या ओळीत 'वजचडमडत' असं काहीतरी. आत्याने ते दोनदा पुटपुटलं आणि हसली. "वज्रचूडेमंडित. सवाष्ण आहे." मग बोट पुढे सरकवत नावावर आली, ते शाबूत होतं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि मी ८७ समोर पेन्सिलीने लिहिलं : गंगाभागीरथी [साधारण चार अक्षरं किडीने खाल्लेली, 'रथी' शिल्लक], नाव नाही.

उरलेले दोन कागद उद्या सकाळी, तिचे डोळे ताजे असताना. दुसरा रुमाल सोडून ठेवलाय.